शिंपला पाणी गाळतो म्हणजे नेमकं काय करतो?

गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की गोदेला पूर किती आलाय, ते नाशिककराला वेगळं सांगावं लागत नाही. त्या दिवशी नदीचा रंग दुधाच्या चहासारखा असतो. ते पाणी काचेच्या पेल्यात भरून रात्रभर ठेवलं, तर सकाळी तळाशी वाळू आणि जाडसर गाळ बसलेला दिसतो, वरचं पाणी मात्र गढूळच असतं. काळ्या मातीतली बारीक चिकणमाती म्हणजे 2 मायक्रॉनपेक्षाही लहान कण. डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्यावा. एवढे लहान कण निवांत पाण्यातही कित्येक दिवस खाली बसत नाहीत.

नाशिक जिल्ह्यातून समुद्राकडे जायला या मातीला ज्या वाटा आहेत, त्यांतल्या दोन पाहू. त्र्यंबकच्या डोंगरांत गोदावरी उगम पावते आणि वैतरणाही. गोदावरी पूर्वेला 1465 किलोमीटर जाऊन आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणा पश्चिमेला घाट उतरून पालघर जिल्ह्यात अरबी समुद्राला मिळते. वाटेतल्या धरणांत बरीच माती अडते. गोदावरीपुरतं बोलायचं तर नाशिकची बरीचशी माती आता जायकवाडीच्या पुढे जात नाही. तरीही जी बारीक माती मुखाशी पोचते, तिचं खाडीत रूपच पालटतं.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की काय होतं ते घरोघरी माहीत आहे. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. तुरटी हा भार मारते, कण एकमेकांना चिकटतात, पुंजके होतात आणि खाली बसतात. खाडीत हेच काम समुद्राचं मीठ करतं. नदीच्या गोड्या पाण्यात लिटरमागे दोन-चार ग्रॅम मीठ मिसळलं गेलं, तरी पुंजके बनायला लागतात. त्यांत नुसती माती नसते. मेलेलं शेवाळ, कुजलेली पानं, जिवाणू आणि त्यांचा चिकटा असं सगळं त्या माळेत ओवलेलं असतं. तिसऱ्या, कालवं, खुबे या खाडीतल्या शिंपल्यांसमोर भरती-ओहोटीला दिवसातून चारदा हे ताट वाढलं जातं. ताटात अन्न थोडं आणि माती फार, हीच शिंपल्याची खरी अडचण. त्याचं सगळं शरीर या एका अडचणीभोवती घडलेलं आहे.

‘शिंपला पाणी गाळतो’ असं म्हटलं की डोळ्यांसमोर चहाची गाळणी येते. गाळणीत भोकापेक्षा मोठं ते वर राहतं, लहान ते खाली जातं. शिंपल्याचं काम तसं चालत नाही.

जिवंत शिंपला किंचित उघडा असताना पाहिला, तर मागच्या टोकाला दोन तोंडं दिसतात. तिसऱ्यांमध्ये त्यांच्या चक्क दोन नळ्या झालेल्या असतात. एकीतून पाणी आत जातं, दुसरीतून बाहेर येतं. आत कल्ल्यांचे पडदे लोंबत असतात. माशाच्या कल्ल्यांपेक्षा ते कितीतरी मोठे, जवळजवळ अख्ख्या शिंपल्याएवढे. श्वासापुरते इतके मोठे कल्ले लागलेच नसते, ते मुख्यतः खाण्यासाठी आहेत. हा पडदा शेजारी शेजारी लावलेल्या हजारो बारीक काड्यांचा असतो, कंगव्याच्या दातांसारख्या. प्रत्येक काडीवर तीन प्रकारचे सूक्ष्म हलते केस असतात. त्यांना रोमक म्हणतात.

काडीच्या बाजूंवरचे रोमक सतत वल्ह्यासारखे हलतात आणि दोन काड्यांमधल्या फटीतून पाणी पलीकडे ढकलतात. हा झाला पंप. काडीच्या कडेला राठ केसांच्या जुड्या असतात. त्या फटीत शिरणाऱ्या पाण्यातला कण झटकून काडीच्या पुढच्या अंगाला आणतात. ही झाली पकड. पुढच्या अंगावरचे रोमक तो कण चिकट स्रावात गुंडाळून काडीच्या लांबीने खाली सरकवतात, आणि पडद्याच्या काठाला जी पन्हळ असते तिच्यात टाकतात. तिथून सगळा माल तोंडाकडे निघतो.

आता आकडे पाहा. युरोपातल्या निळ्या शिंपल्याच्या काड्यांमधली फट साधारण 40 मायक्रॉन असते, आणि तो 4 मायक्रॉनचे कण जवळजवळ एकूण एक पकडतो. भोकाच्या दहाव्या हिश्शाएवढी वस्तू गाळणीत अडकली, असा हा प्रकार आहे. कडेच्या जुड्यांमुळे हे जमतं. ज्या शिंपल्यांत या जुड्या नीट वाढलेल्या नसतात, उदाहरणार्थ समुद्रातले पंख्याच्या आकाराचे स्कॅलप, त्यांच्या हातून 5 ते 7 मायक्रॉनच्या खालचे कण मोठ्या प्रमाणात निसटतात. सुटा जिवाणू एक मायक्रॉनच्या आसपास असतो, तो तर बहुतेकांच्या हातून निसटतो. पण तोच जिवाणू मातीच्या पुंजक्याला चिकटून आला, तर पुंजक्याबरोबर पकडला जातो. हे लक्षात ठेवा, सांडपाण्याचा विषय येईल तेव्हा लागेल.

पकडलेलं सगळं पोटात जात नाही. तोंडाच्या दोन्ही बाजूंना नालीदार पत्र्यासारख्या वळ्या असलेल्या पाळ्यांची जोडी असते. पन्हळीतून आलेली माळ तिथे विस्कटली जाते आणि निवड सुरू होते. कालवांमध्ये ही निवड त्याही आधी, कल्ल्यांवरच सुरू होते. पसंत पडलेले कण पडद्याच्या वरच्या मार्गाने जातात, नापसंत खालच्या मार्गाने. निवडीत आकार पाहिला जातोच, पण तेवढ्यावर भागत नाही. शिंपल्याच्या चिकट स्रावात अशी प्रथिनं असतात, जी शेवाळाच्या पेशीवरच्या ठरावीक शर्करांना जाऊन चिकटतात. मातीच्या कणावर त्या शर्करा नसतात. म्हणजे त्याच आकाराचा मातीचा कण आणि शेवाळाची पेशी शिंपल्याला वेगवेगळी ‘लागते’. हे अंधारात, डोळ्यांशिवाय आणि मेंदूशिवाय, दर तासाला लाखो कणांच्या बाबतीत चालतं. 

नापसंत माल स्रावात बांधून गोळी केली जाते. पाणी आत यायच्या बाजूलाच ती साठते, आणि शिंपले अधूनमधून झटकन मिटून ती बाहेर फेकतात. तिला खोटी विष्ठा म्हणतात, कारण ती पोटातून गेलेलीच नसते. खरी विष्ठा दुसऱ्या नळीतून, आखीव दोऱ्यासारखी बाहेर येते. दोन्ही नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. खोटी विष्ठा भुसभुशीत, ढगासारखी आणि ढवळलं की विखुरणारी, तर खरी विष्ठा घट्ट आणि आकार टिकवणारी.

पोटात आणखी एक अजब भाग असतो. ताजा, जोमदार शिंपला चिरला की कधीकधी आत काचेसारखी पारदर्शक, लवचिक काडी सापडते. पुष्कळांना तो जंत वाटतो. तो जंत नव्हे. ही काडी रोमकांच्या जोरावर स्वतःभोवती फिरते आणि अन्नाची माळ आपल्याभोवती गुंडाळून आत ओढते. तिचं टोक झिजत जातं, त्यातून पाचकरस सुटतो. शिंपला बराच वेळ पाण्याबाहेर राहिला की ही काडी विरघळते, म्हणून बर्फातून आलेल्या मालात ती क्वचितच दिसते.

किती पाणी गाळलं जातं? ‘एक कालव दिवसाला 50 गॅलन, म्हणजे सुमारे 190 लिटर पाणी साफ करतं’ हा आकडा सगळीकडे फिरतो. तो अमेरिकेतल्या पूर्ण वाढलेल्या मोठ्या कालवाचा, उबदार पाण्यातला, सगळं मनासारखं असतानाचा वरचा आकडा आहे. त्याला सरासरी समजून हिशेब केला की सगळं गणित फुगतं. चांगल्या वाढलेल्या निळ्या शिंपल्यासाठी तासाला 2 ते 3 लिटर हे वास्तव धरायला हरकत नाही, तेही पाण्यात अन्न पुरेसं असेल तर. अन्न फारच विरळ असेल तर शिंपला मिटून बसतो, पंप चालवायचा खर्चही निघत नाही म्हणून. उलट गाळ वाढला, तर लिटरमागे साधारण 2 ते 5 मिलिग्रॅमच्या पुढे खोटी विष्ठा सुरू होते आणि आणखी वाढल्यावर पाणी ओढण्याचा वेग पडतो. पुराच्या पाण्यात गाळ याच्या शेकडो पट असतो.

हे घरी मोजता येतं. गोड्या पाण्यातला शिंपला, आपल्याकडे तलावांत आढळणारा लॅमेलिडेन्स जातीचा, यासाठी चांगला. दोनच घ्या, अभयारण्यातून उचलू नका, आणि काम झालं की जिथून आणले तिथेच सोडा. दुसऱ्या तलावात सोडलेला शिंपला रोग आणि परक्या जाती घेऊन जातो.

5 लिटरच्या तीन सारख्या पारदर्शक बरण्या घ्या. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडू द्या, मग बरण्या भरा. बेकरीत लागणारं कोरडं यीस्ट 1 ग्रॅम, 100 मिलिलिटर कोमट पाण्यात घोळवा. यीस्टची पेशी 5 ते 8 मायक्रॉनची असते, म्हणजे शेवाळाच्या पेशीला चांगला पर्याय. पहिल्या बरणीत हे द्रावण 10 मिलिलिटर आणि दोन शिंपले. दुसरीत 10 मिलिलिटर, शिंपले नाहीत. तिसरीत 5 मिलिलिटर, शिंपले नाहीत. तिन्हींच्या मागे काळा कागद लावा आणि बाजूने टॉर्च मारा. शिंपले आधी तासभर साध्या पाण्यात शांत होऊ द्या. ते उघडून नळ्या दिसू लागल्यावरच यीस्ट टाका, नाहीतर मिटलेल्या शिंपल्याचा वेळ उगाच हिशेबात धरला जातो. दर 15 मिनिटांनी तिन्ही बरण्या सारख्याच, अगदी हळू ढवळा, तळ न उचलता.

पहिली बरणी तिसरीइतकी फिकट दिसली, की तिच्यातलं यीस्ट निम्मं झालं. तिसऱ्या बरणीची गंमत अशी, की यीस्ट आपोआप खाली बसतं तेही दोन्हींकडे सारखंच, त्यामुळे ते वेगळं वजा करावं लागत नाही. दुसरी बरणी नुसतं बसणं किती झालं ते दाखवते. आता हिशेब: 0.693 गुणिले पाण्याचे लिटर, भागिले शिंपल्यांची संख्या गुणिले तास. समजा 5 लिटर, 2 शिंपले आणि निम्मं व्हायला 3 तास लागले. 0.693 × 5 = 3.465, ते 6 ने भागलं की 0.58. एका शिंपल्यामागे तासाला सुमारे अर्धा लिटर. साधा भागाकार न करता 0.693 का? कारण साफ झालेलं पाणी पुन्हा त्याच बरणीत मिसळतं आणि शिंपला तेच पाणी परत परत ओढतो. पाणी जितकं साफ, तितका प्रत्येक घोटात माल कमी.

एअरपंप जोरात सोडला तर हा प्रयोग बिघडतो. बुडबुडे खोटी विष्ठा फोडतात, कण परत पाण्यात येतात आणि शिंपला काहीच करत नाही असं दिसतं. काही तासांनी तळाशी शिंपल्याच्या पुढ्यात पांढुरकी भुसभुशीत रास दिसेल. पाण्यातलं यीस्ट गेलं कुठे, याचं उत्तर त्या राशीत आहे. नाहीसं झालं ते थोडं. बाकीचं पाण्यातून उचलून तळावर ठेवलं गेलं.

खाडीत हीच गोष्ट कोट्यवधी शिंपल्यांच्या हिशेबाने घडते. पण खाडी म्हणजे बरणी नव्हे, तिथे कोणी ढवळत नाही, भरती ढवळते. तळाशी शिंपल्यांची दाटी असेल आणि पाणी संथ असेल, तर तळालगतचा हातभर पाण्याचा थर साफ होतो, पण वरचं अन्न खाली येत नाही. शिंपले उपाशी, आणि चार फुटांवर पाणी हिरवंगार. उधाणाच्या भरतीला प्रवाह जोरात असतो, पाणी ढवळलं जातं, पण तळाची मातीही वर येते. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असलेल्या दिवसांत पाणी निवळतं, शेवाळ वाढतं, पण अन्न खालपर्यंत पोचायला उशीर लागतो. शिंपल्याला दोन्हींच्या मधलं हवं असतं, आणि कोकणातल्या खाड्यांत ते दर पंधरवड्याला दोनदा येऊन जातं. पावसाळ्यात मात्र गोडं पाणी आणि गाळ एकदमच येतात. कालवं अशा वेळी मिटून घेतात आणि दिवसचे दिवस ऑक्सिजनशिवाय तग धरतात. लांबलेला पूर मात्र त्यांना मारतो.

अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराबद्दल 1988 साली एक अंदाज मांडला गेला: जुन्या काळातली कालवं सबंध उपसागराएवढं पाणी 3 ते 6 दिवसांत गाळू शकत होती, त्या वेळी उरलेल्यांना जवळपास वर्ष लागलं असतं. हा अंदाज गाजला. त्यावर आक्षेपही आले, ते वर सांगितलेल्या कारणासाठीच: सगळं पाणी कालवांपर्यंत पोचतं कुठे? आकड्याबद्दल वाद आहे, कालवं कमी झाली याबद्दल नाही.

उलट बाजूही आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात 1986 साली आशियातून जहाजांच्या पाण्याबरोबर आलेला एक छोटा शिंपला सापडला. दोन-तीन वर्षांत त्याची इतकी दाटी झाली, की उत्तर भागातला उन्हाळी शेवाळाचा बहर जवळजवळ बंद पडला. त्या शेवाळावर जगणारे सूक्ष्म प्राणी घटले आणि त्यांच्यावर जगणाऱ्या माशांच्या तोंडचा घास गेला. पाणी स्वच्छ दिसलं म्हणजे खाडी बरी झाली, असं नव्हे.

आता राखून ठेवलेला जिवाणूंचा विषय. सांडपाण्यातले जिवाणू आणि विषाणू पुंजक्यांना चिकटून शिंपल्यात साठतात. 1988 साली शांघायमध्ये कच्चे-अर्धकच्चे रक्तशिंपले खाऊन सुमारे तीन लाख लोकांना अ प्रकारची कावीळ झाली. शिंपल्यांना स्वच्छ पाण्यात दोन दिवस ठेवलं तर पोटातले जिवाणू बरेचसे निघून जातात, विषाणू मात्र मांसात चिवटपणे राहतात. म्हणून खरा बचाव शिजवण्यात आहे: मांसाच्या आतल्या भागाला 90 अंश सेल्सियस किमान 90 सेकंद लागायला हवं. घरच्या भाषेत, उकळीत शिंपले उघडल्यावर आणखी 3 ते 5 मिनिटं. उघडल्या उघडल्या गॅस बंद केला तर आतलं मांस तेवढं तापलेलं नसतं. विषारी शेवाळ खाल्लेल्या शिंपल्यातलं विष मात्र उकळूनही जात नाही, त्यामुळे लाल किंवा तपकिरी पाणी पसरल्याची बातमी असलेल्या किनाऱ्यावरचा माल घेऊ नये.

नाशिकला तिसऱ्या बर्फात येतात. तोंड उघडी असलेली तिसरी बोटाने टकटक करून पाहावी, मिटली तर जिवंत, नाहीतर टाकून द्यावी. वाळू काढायला साध्या पाण्यात भिजवणं चूक आहे. गोडं पाणी लागताच ती घट्ट मिटते आणि वाळू आतच राहते. लिटरमागे 30 ग्रॅम मीठ काट्यावर तोलून घ्या, क्लोरीन उडालेल्या पाण्यात विरघळवा, पसरट भांड्यात जाळी ठेवून तिच्यावर तिसऱ्या एका थरात पसरा, त्या जेमतेम बुडतील एवढंच पाणी घाला, आणि गार, अंधाऱ्या जागी दोन तास ठेवा. जाळी नसेल तर टाकलेली वाळू त्या परत आत ओढतात. पाणी खोल असेल तर तळातला ऑक्सिजन संपतो. प्रवासात फार थकलेला माल उघडतच नाही, मग कितीही वेळ ठेवून उपयोग नाही.

मग गोदावरीत शिंपले सोडून पाणी साफ होईल का? प्रश्न मनापासून विचारला जातो, म्हणून उत्तरही सरळ द्यायला हवं: नाही. शिंपला कण पकडतो. सांडपाण्यातला अमोनिया, फॉस्फेट, साबण हे विरघळलेले असतात, ते कल्ल्यांतून तसेच पार होतात. उलट शिंपला स्वतःच अमोनिया टाकतो. पकडलेला मैला तळावर साठून कुजतो आणि तिथला ऑक्सिजन खातो. पाणवेलींखाली तो आधीच कमी असतो. आणि ज्या पात्राला तळाशी काँक्रीट आहे, तिथे शिंपल्याला पाय रोवायला जागाच नाही.

आहेत ते शिंपले टिकवणं मात्र हातात आहे, आणि त्यासाठी मासे लागतात. गोड्या पाण्यातल्या या शिंपल्यांची पिल्लं आईच्या कल्ल्यांत वाढतात, बाहेर पडल्यावर माशाच्या कल्ल्यांना किंवा पंखांना चिकटतात, काही दिवस ते आठवडे तिथे राहून मग तळाशी पडतात. बंधाऱ्यांमुळे माशांचं येणंजाणं तुटलं की जुने शिंपले वर्षानुवर्षं पाणी गाळत राहतात, पण नवे येत नाहीत. वरून सगळं ठीक दिसतं. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर काठावर पडलेली रिकामी शिंपली मोजपट्टीने मोजून पाहावीत. सगळीच सात-आठ सेंटिमीटरची असतील आणि तीनच्या खालचं एकही मिळत नसेल, तर तिथे नवी पिढी येणं बहुधा थांबलेलं आहे. लहान शिंपले चिखलात खोल असतात, त्यामुळे एका फेरीवरून ठरवू नये, पण दोन-तीन उन्हाळे तेच दिसलं तर वरच्या आणि खालच्या बंधाऱ्यांतून मासा पार होऊ शकतो का, ते आधी पाहावं.